जीवनसत्त्वे आणि गुडघ्यांचा अस्थिसंधिवात : एका वैद्यकीय कल्पनेचा इतिहास

उतारवयात गुडघे दुखू लागले, की आहारात काही तरी कमी पडत असले पाहिजे, असा तर्क सहज केला जातो. हा तर्क केवळ घरगुती नाही. विसाव्या शतकात त्याला वैद्यकशास्त्रातही मानाचे स्थान होते, आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले संशोधक सामान्य प्रतीचे नव्हते. त्याचा उगम कोठे झाला, त्याला बळ कशामुळे मिळाले आणि पुढे त्याची परीक्षा कोणी व कशी घेतली, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण एका क्षेत्रात यशस्वी ठरलेली विचारपद्धती दुसऱ्या क्षेत्रात नेली असता काय होते, याचे हे स्वच्छ उदाहरण होय. प्रस्तुत लेखात ‘अस्थिसंधिवात’ हा शब्द ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ या अर्थाने योजला आहे. या विकारात सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजत जाते, हाडांच्या कडांना काट्यांसारखे उंचवटे फुटतात आणि सांधा आखडून दुखू लागतो. ज्याला सामान्यतः आमवात म्हणतात तो ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हा निराळा विकार आहे.

जीवनसत्त्वांची कल्पना ज्या रोगांच्या अभ्यासातून जन्मली, त्या सर्वांची घडण एकसारखी होती. जेम्स लिंड याने इ. स. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्हीने आजारी असलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीला निरनिराळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. जावा बेटावर आयकमन याने १८९० नंतरच्या दशकात सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार पाहिला. होल्स्ट व फ्रोलिश या नॉर्वेजियन संशोधकांनी १९०७ मध्ये गिनी पिग या प्राण्यात स्कर्व्ही निर्माण करून दाखविली. कासिमिर फुंक याने १९१२ मध्ये या अज्ञात द्रव्यांना नाव दिले, आणि मेलनबी याने १९१९ मध्ये कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून मुडदुसाचा आहाराशी असलेला संबंध उघड केला. या प्रत्येक ठिकाणी नियम एकच दिसतो : एक द्रव्य काढून घ्या, रोग उद्भवतो, ते परत द्या, रोग हटतो. वैद्यकाच्या इतिहासात इतके सुटसुटीत यश क्वचितच पदरी पडले असेल. साहजिकच, ज्या ज्या रोगाचे कारण कळत नव्हते तेथे हाच साचा लावून पाहण्याचा मोह झाला.

अस्थिसंधिवात मात्र या साच्यात बसणारा रोग नव्हता. किंबहुना त्याची स्वतंत्र रोग म्हणून ओळख पटायलाच बराच काळ गेला. आल्फ्रेड बेअरिंग गॅरड याने १८५९ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ ही संज्ञा रूढ केली, तरी पुढील अनेक दशके या दोन विकारांची सरमिसळ होत राहिली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्यांच्यातील भेद प्रत्यक्ष दिसू लागला. १९५७ मध्ये केलग्रेन व लॉरेन्स या इंग्लंडमधील संशोधकांनी क्ष-किरण चित्रांवरून अस्थिसंधिवाताच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरविल्या, आणि त्यांचे वर्गीकरण आजतागायत वापरात आहे. या मापनाची एक मर्यादा पुढील इतिहास समजण्यासाठी ध्यानात ठेवली पाहिजे. क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसतच नाही. दिसते ते हाड, आणि दोन हाडांमधील मोकळी जागा. ती जागा अरुंद झाली म्हणजे कूर्चा झिजली असे अनुमान केले जाते. शिवाय चित्रातील झीज आणि रोग्याची वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. चित्र वाईट असूनही काही जण सुखाने चालतात, तर चित्र बरे असूनही काहींना जिना चढवत नाही.

जीवनसत्त्व आणि झिजलेला सांधा यांची सांगड घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न विद्यापीठात नव्हे, तर एका खाजगी दवाखान्यात झाला. १९३७ मध्ये एल्व्हेजेम याने निकोटिनिक आम्ल हे पेलाग्राशी संबंधित द्रव्य असल्याचे दाखविले होते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात व्यवसाय करणारे डॉ. विल्यम कॉफमन यांनी त्याच वर्गातील निॲसिनामाइड हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व आपल्या सांधेदुखीच्या रोग्यांना मोठ्या प्रमाणात, दिवसातून अनेक वेळा विभागून देण्यास प्रारंभ केला. सांधे किती अंशांपर्यंत वळतात हे ते चिकाटीने मोजीत, आणि त्या मोजमापांवरून त्यांनी एक निर्देशांकही बसविला होता. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात शेकडो रोग्यांची टिपणे आहेत, व बहुतेकांत सुधारणा झाल्याचे त्यांचे प्रतिपादन आहे. कॉफमन यांच्या परिश्रमांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव होती ती तुलनेची. औषध न घेतलेल्या रोग्यांचा गट त्यांच्यापाशी नव्हता. आणि ज्या विकारात दुखणे आपोआप कमी-जास्त होत राहते, तेथे तुलनेवाचून कोणतेही औषध गुणकारी भासू शकते. जवळजवळ अर्धशतकानंतर, १९९६ मध्ये, ७२ रोग्यांवर बारा आठवड्यांची नियंत्रित चाचणी झाली. तीत निॲसिनामाइड घेणाऱ्यांची एकंदर स्थिती काहीशी सुधारलेली आढळली. परंतु चाचणी लहान होती, काळ थोडा होता, आणि हा धागा पुढे फारसा कोणी ओढला नाही.

‘क’ जीवनसत्त्वाची बाजू याहून भक्कम पायावर उभी होती. झेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले आम्ल हेच स्कर्व्हीविरोधी द्रव्य होय, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले. त्यापूर्वीच, १९२६ मध्ये, वोलबाख व हाऊ यांनी स्कर्व्ही झालेल्या गिनी पिगांच्या ऊतींची तपासणी करून असे दाखविले होते, की या रोगात पेशींना धरून ठेवणारे मधले द्रव्यच नीट तयार होत नाही. या द्रव्याचा कणा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. त्याच्या घडणीतील एक रासायनिक पायरी ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय पुरी होत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. कूर्चेतही कोलॅजेनच मुख्य. तेव्हा ‘क’ जीवनसत्त्व कमी पडले तर कूर्चा कमकुवत होईल, ही विचारसरणी केवळ कल्पनाविलास नव्हती. १९८१ मध्ये श्वार्ट्झ व सहकारी यांनी गिनी पिगांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून मुद्दाम झीज घडवून आणली; ज्या प्राण्यांना ‘क’ जीवनसत्त्व भरपूर मिळाले त्यांच्यात ती सौम्य राहिली. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, म्हणून या प्रयोगाचे महत्त्व विशेष मानले गेले.

या कल्पनेला मानवी आधार मिळाला तो मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी. हृदयविकाराची कारणे शोधण्यासाठी तेथे १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियतकालिक तपासणी सुरू झाली होती. दर दोन वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावणे, त्यांच्या सवयी विचारणे, रक्त तपासणे, हा क्रम दशकानुदशके चालू राहिला. ही मंडळी वृद्ध झाली तेव्हा, १९८३ ते १९८५ या काळात, त्यांतील सुमारे १,४०० जणांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे घेण्यात आली. ६३ ते ९४ या वयाच्या या लोकांत सत्तरीच्या आतील २७ टक्क्यांना, तर ऐंशी व त्यापुढील ४४ टक्क्यांना गुडघ्याचा अस्थिसंधिवात असल्याचे डेव्हिड फेल्सन व सहकारी यांनी १९८७ मध्ये नमूद केले. हयात असलेल्यांची चित्रे १९९२-९३ मध्ये पुन्हा काढली गेली. मधल्या काळात त्यांच्या आहाराची प्रश्नावली भरून घेतलेली होती. गुडघ्याचे पूर्वीचे चित्र, नंतरचे चित्र आणि दोहोंमधील आहार असा तिहेरी संच हाती आला.

या संचाच्या आधारे टिमोथी मॅकॲलिंडन यांच्या प्रमुखत्वाखाली १९९६ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध झाले, आणि सबंध विषयाला नवी कलाटणी मिळाली. पहिल्या निबंधात ६४० व्यक्तींचा विचार होता. आहारातील ‘क’ जीवनसत्त्वाच्या प्रमाणानुसार त्यांचे तीन गट पाडले असता, मधल्या व वरच्या गटांत आधीच झिजलेला गुडघा आणखी बिघडण्याचा संभव खालच्या गटाच्या सुमारे एकतृतीयांश निघाला. दुसऱ्या निबंधात ५५६ व्यक्तींच्या आहारातील व रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व पाहिले गेले. तेथेही खालच्या व मधल्या गटांत रोग वाढण्याचा संभव वरच्या गटाच्या तिप्पट-चौपट आढळला. मात्र दोन्ही निबंधांत एक गोष्ट समान होती, व ती पुष्कळदा विसरली गेली. निरोगी गुडघ्यात नव्याने रोग उद्भवण्याशी या जीवनसत्त्वांचा तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो जडलेला रोग पुढे सरकण्याशी. म्हणजे स्कर्व्ही किंवा मुडदूस यांच्या धर्तीवरील ‘अभावजन्य रोग’ असा निष्कर्ष या निबंधांतूनही निघत नव्हता. लेखकांनी स्वतः सावध भाषा वापरली होती, आणि प्रत्यक्ष चाचणीची निकड सांगितली होती. गोळ्यांच्या बाटल्यांवरील मजकुराला मात्र असे सावधपण परवडत नाही.

या आकड्यांचा पाया किती रुंद होता, हेही पाहिले पाहिजे. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभ्यासात रोग वाढलेले गुडघे एकंदर ६८ होते. ते तीन गटांत वाटल्यावर प्रत्येक गटात थोडेच उरतात. दुसरी अडचण अधिक खोल आहे. फळे व भाज्या नियमाने खाणारा मनुष्य इतर बाबतींतही निराळा असतो : तो बहुधा हिंडता-फिरता असतो, त्याचे वजन आटोक्यात असते, तंबाखूपासून तो दूर राहतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचे तर विशेषच. ते मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होते, आणि ज्याचे गुडघे फार दुखतात तो घराबाहेर कमी पडतो. जीवनसत्त्व कमी म्हणून गुडघा बिघडला, की गुडघा बिघडल्यामुळे जीवनसत्त्व कमी झाले, हे केवळ निरीक्षणावरून ठरविणे कठीण. संशोधकांनी वय, वजन इत्यादींचा हिशेब करून आकडे दुरुस्त केले होते हे खरे. पण जे मोजलेच नाही त्याची दुरुस्ती गणिताने होत नाही.

याच फ्रॅमिंगहॅमच्या माहितीवरून फेल्सन यांनी १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली होती. ज्या स्त्रियांचे वजन आधीच्या दहा वर्षांत सुमारे पाच किलोंनी घटले, त्यांच्यात त्रासदायक अस्थिसंधिवाताचा संभव निम्म्याहून अधिक कमी झाला होता. हेही निरीक्षणच, आणि वरील आक्षेप यालाही काही अंशी लागू पडतात. परंतु गुडघ्यावर पडणारा भार व त्याची झीज यांचा संबंध पुढील अभ्यासांतही टिकून राहिला. लोकांच्या मनात त्याने जीवनसत्त्वांइतके घर केले नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. वजन कमी करण्यापेक्षा गोळी गिळणे केव्हाही सोपे.

१९९६ नंतर परीक्षेचा काळ सुरू झाला. ‘ई’ जीवनसत्त्वाचा निकाल सर्वांत आधी लागला. २००१ व २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांत रोजची ५०० एकके देऊन पाहण्यात आली. पहिल्या चाचणीत सहा महिन्यांत वेदनेत फरक पडला नाही. दुसरीत १३८ रोग्यांच्या कूर्चेचे घनमान एम. आर. आय. या नव्या साधनाने दोन वर्षे मोजले गेले, आणि तेही सारख्याच गतीने घटत राहिलेले आढळले. ‘ई’ जीवनसत्त्वाचा पक्ष तेथेच जवळजवळ संपला.

‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. व्हर्जिनिया क्राऊस व सहकारी यांनी २००४ मध्ये अमेरिकेत पुन्हा गिनी पिगच निवडले. मात्र या वेळी शस्त्रक्रिया केली नाही. हार्टली जातीच्या गिनी पिगांत वयाबरोबर गुडघ्यांची झीज आपोआप होते. अशा ४६ प्राण्यांना आठ महिने ‘क’ जीवनसत्त्वाच्या तीन निरनिराळ्या मात्रा दिल्या गेल्या. अपेक्षा अशी, की मोठी मात्रा मिळालेल्यांचे गुडघे चांगले राहतील. घडले उलट. मात्रा जितकी मोठी तितकी झीज अधिक, आणि हाडांच्या कडांवरील उंचवटेही मोठे. सांध्यातील एका वाढ-प्रवर्तक प्रथिनाला हे जीवनसत्त्व चालना देत असावे, असे कारण संशोधकांनी सुचविले. एकाच प्राण्यावर, एकाच जीवनसत्त्वाने, दोन पिढ्यांतील प्रयोगांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. पहिला प्रयोग खोटा होता असे यावरून म्हणता येत नाही. दोघांनी विचारलेले प्रश्न भिन्न होते. इजा झालेला सांधा आणि म्हातारपणी झिजणारा सांधा यांना एकच नियम लावता येत नाही, एवढे मात्र यातून उघड झाले. मोठ्या मात्रेत घेतलेले ‘क’ जीवनसत्त्व निदान निरुपद्रवी तरी असते, या समजुतीलाही येथे धक्का बसला.

खरी लढत ‘ड’ जीवनसत्त्वाची झाली. २००७ मध्ये फेल्सन यांनी फ्रॅमिंगहॅमच्या दुसऱ्या पिढीतील लोकांचा व बॉस्टनमधील रोग्यांच्या एका गटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९९६ चा संबंध पुन्हा दिसला नाही. यानंतरची घटना या इतिहासातील सर्वांत लक्षणीय मानावी लागेल. १९९६ च्या दोन्ही निबंधांचे प्रमुख लेखक मॅकॲलिंडन यांनीच बॉस्टन येथे १४६ रोग्यांवर दोन वर्षांची चाचणी केली. कोणाला जीवनसत्त्व मिळेल व कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, हे नशिबावर सोपविले होते, आणि रोगी व तपासणारे दोघांनाही ते ठाऊक नव्हते. मात्रा रोज २,००० एककांपासून सुरू करून रक्तातील प्रमाण पुरेसे होईपर्यंत वाढविली गेली. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. एका गटात कूर्चेचे घनमान ४.३० टक्क्यांनी घटले होते, दुसऱ्यात ४.२५ टक्क्यांनी. वेदनेतही लक्षणीय फरक नव्हता. स्वतः मांडलेल्या कल्पनेची इतकी कडक परीक्षा घेऊन तिचा प्रतिकूल निकाल स्वतःच्या नावाने छापणे ही गोष्ट शास्त्राच्या व्यवहारात अपेक्षित असली, तरी नित्य आढळणारी नव्हे.

२०१६ मध्ये आणखी दोन चाचण्यांचे निकाल आले. इंग्लंडमध्ये ४७४ जणांना रोज ८०० एकके तीन वर्षे देऊनही गुडघ्यातील मोकळी जागा पूर्वीच्याच वेगाने अरुंद होत गेली. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया व व्हिक्टोरिया येथे ४१३ रोग्यांना महिन्यातून एकदा ५०,००० एकके दिली गेली. येथे मुद्दाम ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होते असेच रोगी निवडले होते, कारण ‘ज्यांना उणीवच नाही त्यांना देऊन काय उपयोग’ हा आक्षेप तोवर घेतला जाऊ लागला होता. दोन वर्षांत ना कूर्चेत फरक पडला, ना वेदनेत. २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीतून गुडघे सतत दुखणाऱ्या १,३९८ जणांची माहिती बाहेर आली. रोज २,००० एकके सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ घेऊनही त्यांची वेदना निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांइतकीच राहिली.

हिंदुस्थानच्या दृष्टीने या प्रश्नाला एक निराळी बाजू आहे. आहारविषयक संशोधनाची परंपरा येथे जुनी आहे. कुन्नूर येथे मॅक्कॅरिसन यांनी १९१८ मध्ये बेरीबेरीच्या शोधापासून जे काम आरंभले, त्यातूनच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. पण तिचा आरंभीचा भर स्वाभाविकपणेच अभावजन्य रोगांवर होता. सांध्यांच्या विकारांची गावपातळीवरील पद्धतशीर मोजणी पुष्कळ नंतरची. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेली पाहणी ही त्यांतील एक महत्त्वाची होय, आणि ग्रामीण भागातही अस्थिसंधिवात हा आमवाताहून कितीतरी अधिक आढळतो, हे तिच्यातून दिसले. दुसरीकडे, भरपूर ऊन असलेल्या या देशात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असणार नाही, ही समजूत २००० मध्ये दिल्लीतील निरोगी व्यक्तींच्या रक्ततपासणीने खोटी ठरविली. या पार्श्वभूमीवर लखनौ येथील २०१३ ची चाचणी पाहिली पाहिजे. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या शंभराहून अधिक रोग्यांना तेथे वर्षभर ते देण्यात आले, आणि वेदना थोडी पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य अशा प्रमाणात कमी झाली. पाश्चात्त्य चाचण्यांशी याचा मेळ कसा घालावयाचा? चाचणी लहान व प्राथमिक स्वरूपाची होती, आणि सुधारणेचे मानही अल्प होते. कदाचित तीव्र कमतरतेत हाडे व स्नायू स्वतंत्रपणे दुखतात, आणि ती वेदना गुडघ्याच्या खात्यावर जमा होत असावी. तसे असल्यास जीवनसत्त्वाने कमतरता भरून निघाली, गुडघ्याची झीज नव्हे. असा भेद करणे रोग्याला निरर्थक वाटेल. संशोधकाला तो टाळता येत नाही.

रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या जीवनसत्त्वाचा उल्लेख केल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. मराठीत ‘क’ हे अक्षर आधीच दुसऱ्याला देऊन झाल्यामुळे याला ‘के’ म्हणण्याची रीत पडली आहे. हेन्रिक डाम यांनी कोपनहेगन येथे १९२९ पासूनच्या प्रयोगांत ते शोधले. कूर्चेत चुना साचू न देणारी काही प्रथिने या जीवनसत्त्वावाचून कार्यक्षम होत नाहीत, हे फार पुढे कळले. तुहिना निओगी यांनी २००६ मध्ये, पुन्हा फ्रॅमिंगहॅमच्याच दुसऱ्या पिढीतील ६७२ व्यक्तींत, रक्तातील ‘के’ जीवनसत्त्व कमी असणे व हात आणि गुडघे यांचा अस्थिसंधिवात असणे यांचा संबंध दाखविला. २०१३ मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या एका समूहात, ते कमी असलेल्यांच्या गुडघ्यांत नव्याने रोग उद्भवण्याचा संभव अधिक आढळला. ‘क’ व ‘ड’ यांच्या बाबतीत १९९६ मध्येही जे दिसले नव्हते ते येथे दिसले. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत, ३७८ व्यक्तींच्या हातांच्या सांध्यांवर, एकंदरीने परिणाम झाला नव्हता. ज्यांच्यात सुरुवातीला खरोखर कमतरता होती व जी नंतर भरून निघाली, अशा थोड्या व्यक्तींत तेवढी सांध्याची जागा कमी अरुंद झाली. मूळ गट सोडून पोटगटात सापडलेला हा लाभ आहे, आणि तो हातांतील आहे, गुडघ्यांतील नव्हे.